बटणाएवढं ग्रहण

काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याने बटणं लावून टेलरमास्तर स्वतःवर भलतेच खूश होते. नातीने कोट उजेडात धरला आणि कपाळावर हात मारला.

"आजोबा, आता तरी मनावर घ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे हल्ली डाव्या हातचा मळ!"

"माझ्या डोळ्यांना कुणी हात लावायचा नाही. या वयात नवीन बघायचं राहिलंय काय?"

नात बटणं उसवायला बसली. पहिलं बटण सुटून हातात आलं तशी ती थबकली.

"राहिलंय! तीन वर्षांनी खग्रास सूर्यग्रहण आहे. चंद्राची सावली थेट आपल्या गल्लीवरून जाणार."

तिने बटण त्यांच्या बोटांत दिलं, एक डोळा मिटायला लावला आणि त्यांचा हात टेबलावरच्या दिव्यासमोर धरला. "दिवा म्हणजे सूर्य, बटण म्हणजे चंद्र. बटण एवढंसं, पण जवळ आहे, म्हणून अख्खा दिवा झाकतं."

"मग दर अमावास्येला का नाही झाकत?"

"चंद्राची वाट जराशी तिरकी आहे. बहुतेक वेळा तो वरून नाहीतर खालून निसटतो."

"म्हणजे सुईत ओवताना माझा दोरा निसटतो तसा!" मास्तर खो खो हसले.

"अगदी तसा. पण सूर्य, चंद्र आणि आपण एका रेषेत आलो, की ओवलाच! मग काळ्या चंद्राभोवती सूर्याची पांढरीशुभ्र झालर दिसते. दोन-चार मिनिटंच."

झालर म्हटल्यावर मास्तर पुढे सरकले. उभा जन्म त्यांनी पोरींच्या फ्रॉकांना झालरी लावल्या होत्या. बटण मागेपुढे करून त्यांनी खूप वेळ बघितलं.

"मला तर नुसता पिंजलेला कापूस दिसतोय गं."

नातीने दिवा आणखी जवळ ओढला.

मास्तरांनी बटण खाली ठेवलं. "डॉक्टरांना फोन लाव. दोन्ही डोळे करायचे म्हणावं. एवढी मोठी झालर एका डोळ्याने कोण बघणार?"

तिने त्यांच्या गळ्यात हातच टाकले. तिच्या मिठीतून कसेबसे सुटून मास्तरांनी कापड आखायचा खडू उचलला आणि दुकानाच्या दारावर लिहिलं, 'ग्रहणाच्या दिवशी दुकान बंद.' अक्षरं जिना चढल्यासारखी वर वर गेली. नात फडकं घेऊन धावली.

"वाकडं झालंय ना? राहू दे," मास्तर म्हणाले. "डोळे झाले की मीच सरळ करतो."