चालती मशीन

पावर हाउस बाजारातल्या साडीवाल्यांची वेबसाइट नव्या, स्वस्तातल्या होस्टिंगवर हलवताना हर्षाचं घोडं अडलं. डेटाबेस एका दमात चढत नव्हता, म्हणून तिनं तो थोडा थोडा चढवणारी स्क्रिप्ट लावली. पण ती जेवायला नाहीतर पाणी भरायला उठली, की काम अर्ध्यातच थांबायचं, तेही दर वेळी वेगळ्याच जागी.

फाइलचे तुकडे करून झाले, सेटिंग बदलून झाल्या. होस्टिंगवाला फोनवर म्हणे, "मॅडम, हमारी तरफ से सब ठीक है." साडीवाल्यांनी तर साफच सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत साइट सुरू झाली नाही तर दुसरा माणूस बघतो.

"आई, माह्याच्यानं होतच नाही वं हे," ताटावर बसल्या बसल्या ती रडकुंडीला आली. "थांब, चालून राहिलं का पाहून येतो."

घास तसाच ठेवून ती खोलीत आली, तर कॉम्प्युटरसमोर तिचे बाबा उभे. पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये जन्म घालवून रिटायर झालेल्या शालिकरामांनी चष्मा सावरला, स्क्रीनवरचं 'स्टॉप' शोधलं आणि दाबलं.

"चालती मशीन असी एकटी सोडून नाही जात, बेटा," ते मायेनं म्हणाले. "तू उठली का मीच बंद करून देतो."

हर्षा ओरडणारच होती, पण तिची नजर माऊसवरच्या त्यांच्या हाताकडे गेली.



त्या हाताला अंगठा आणि एकच बोट होतं.