दुसरी खेप

पातं पुन्हा डावीकडे कललं.

मुक्ताबाईनं ते भिंतीतल्या खिळ्यावरून उतरवलं, मांडीवर घेतलं आणि डाव्या टोकावर कानस मारायला लागली. गवत कापायच्या मशीनचं पातं ते, हातभर लांब, मधोमध भोक. भोकातून खिळ्यावर टांगलं की जड टोक खाली जातं. मग त्याच टोकावर आणखी घासायचं, दोन्ही टोकं तोलात येईपर्यंत. नाहीतर मशीन असं थरथरतं, की रात्रीची भाकरी थापताना हात परातीत नाचत राहतात.

खराडीच्या आयटी पार्कमागची पंपरूम. जेवणाची सुट्टी. दार आतून लावलेलं. डबा उघडायचंसुद्धा त्राण नव्हतं, आणि कान मात्र दाराकडे.

कारण पार्कची देखभाल बघणाऱ्या कानडे साहेबांचा दंडक होता. सर्व्हिसला कंपनीचा माणूस तीन महिन्यांनी येणार. मधे कुणी नटाला हात लावला, की वॉरंटी गेली आणि हात लावणाराही गेला. तरी मागच्या महिन्यात मुक्ताबाईनं तोंड उघडलं होतं. "साहेब, धार गेलीया. गवत कापत न्हाई, फाटतंय. म्हणून शेंडं वाळत्यात."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं? मशीन आपण बनवलंय का, मुक्ताबाई?"

मग ते स्वतः लॉनवर आले. तपकिरी शेंडे पाहिले. पाणी कमी पडतंय, म्हणाले. त्या दिवसापासून टँकरची दुसरी खेप सुरू झाली.

ही खेप कुठून आली हे मुक्ताबाईला कुणी सांगायला नको होतं. टँकर चालवायचा संभाजी. सकाळी पार्क आणि दुपारी वाघोलीतली तिची गल्ली, ही त्याची रोजची वाट. आता दुपारीही पार्कच. गल्लीत अठरा घरं आणि कोपऱ्यावर एक बोअर, तेही पहाटे तासभर रडतखडत चालणारं. मुक्ताबाई साडेतीनला उठून रांगेत हंडे लावायची. शेवटचा हंडा घरात येईपर्यंत सहा वाजायचे, सातला बस, आठला मशीन. गेल्या महिन्यात तिला एकदा मशीन ढकलता ढकलता डुलकी लागली होती. चालता चालता! सासू, बायडाबाई, ड्रमाजवळ ठाण मांडून बसायची. "तोंड धू, न्हाईतर चहा पी. दोन्ही व्हायचं न्हाई."

संभाजीला तिनं गेटवर गाठलंच होतं.

"माझ्यावर कशाला डाफरती, ताई? मालक सांगंल तिकडं गाडी. तुझ्या साहेबाचं गवत हिरवं होऊ दे. दुसरी खेप सुटली की तुमच्याच गल्लीला आणतो, आईशप्पथ."

गवत हिरवं करायचं. बस, एवढंच.

आणि ते तर तिच्या हातात होतं. हे मशीन तिला शिकवलं पार्कच्या जुन्या माळ्यानं, मकबूलचाचांनी. निवृत्त होताना चाचांनी आपली कानसही तिलाच दिली होती. "इंजिनच्या प्लगची टोपी आधी काढ, बेटा, मग पात्याला हात लाव. बोटं पुन्हा उगवत नाहीत. कानस एकाच दिशेनं. एका टोकाला वीस हात, तर दुसऱ्यालाही वीस. आणि वस्तऱ्यासारखी धार काढू नको, पहिल्याच खड्याला मुडपते. विळ्यासारखी काढ."

तिनं पातं पुन्हा खिळ्यावर टांगलं. ते जरासं डुललं, आणि आडवं थांबलं. अगदी आडवं. मुक्ताबाई क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पातं बसवलं, नट आवळला, लोखंडाचा कीस पदरानं झाडला आणि डबा न उघडताच कामाला लागली.

मशीनचा आवाजच बदलला होता. थरथर गेली. पुढच्या गुरुवारी तिनं पुन्हा पातं काढलं, पुन्हा घासलं, पुन्हा टांगलं. त्याच्या पुढच्याही. रोज सकाळी ती लॉनवर उकिडवी बसून एखादं पान बोटांत धरायची. आधी शेंडा पिवळट दिसला. मग पिवळेपणा गेला. तिसऱ्या आठवड्यात पाहिलं, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं लॉन पोपटाच्या पंखासारखं!

त्या दिवशी साहेब खाली आले. बूट काढून लॉनवर चार पावलं चाललेसुद्धा. मुक्ताबाईनं मशीन बंद केलं. दीड-दोन महिन्यांची अर्धी झोप तिच्या डोळ्यांवर पसरली होती, तरी ती हसली. धार, कानस, खिळा, यातलं काही सांगायचं नव्हतंच. कुणाचं नाव झालं काय, न झालं काय. तिला फक्त एक विचारायचं होतं.

"साहेब, गवत झालं बघा हिरवं. आता दुपारचा टँकर बंद करायचा ना?"

"बंद?" साहेब खुशीत हसले. "अहो मुक्ताबाई, त्या दुसऱ्या खेपेनंच तर ही कमाल केलीय! आत्ताच संभाजीला सांगून आलो, आता बारा महिने रोज दोन टँकर."