पाण्यानं न फुटणारी शाई

वामनराव मास्तरांनी वाळलेल्या रेघेवर पाण्याचा थेंब सोडला. निळी रेघ फुटली आणि कागदभर पसरली.

"ही नको," भिमाबाई म्हणाल्या.

बासष्ट सालच्या सहामाही परीक्षेतल्या उरलेल्या कोऱ्या कागदांवर मास्तर सकाळपासून आपल्या घरी शाया तपासत होते. धाड गावच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. ज्याचा फोटो कधी काढलाच नाही, अशा गेलेल्या माणसाचा चेहरा घरच्यांनी सांगायचा आणि मास्तरांनी टाकानं कागदावर उतरवायचा, अशी त्यांची आसपासच्या गावांत ख्याती होती. भिमाबाईंच्या लेकाचा, रंगरावचा, एकही फोटो नव्हता.

शेजारी त्यांच्या विहीणबाई, सुनेची आई कौशल्याबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"सूनबाई नाही आली?" मास्तरांनी विचारलं.

"तिले आता येता येत नाही, गुरुजी."

नव्या विधवेला एवढ्यात कोण घराबाहेर काढणार, असं समजून मास्तर पुन्हा शायांकडे वळले.

त्यांनी काळ्या शाईची बाटली उघडली, रेघ ओढली, ती वाळू दिली. या वेळी थेंब रेघेवर तसाच उभा राहिला. मग त्यांनी नवी नीब दिव्याच्या ज्योतीवरून फिरवून तिचं तेल उडवलं. ती कागदात अडकली आणि शिंतोडे उडाले. दुसरीनं केसासारखी रेघ ओढली.

"लई बारीक झाली," भिमाबाई म्हणाल्या. "छापखान्यात उतरन काय?"

"छापायचंय का?"

"हाव."

श्राद्धाची पत्रिका असेल, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी जाड नीब टाकाला लावली.

आतून चहा आला. भिमाबाईंनी कप बाजूला सारला. "चेहरा जमल्याबिगर तोंडात पाणी घ्याचं नाही, असा नेम हाय माहा."

मास्तर काढू लागले. कपाळ, भुवया, नाक. भिमाबाई वाकून पाहत होत्या.

"हा तर कोण्या हेडमास्तरावानी दिसते," त्या म्हणाल्या. "नाक बसकं हाय त्याचं. तुमी सरळ काऊन काढून राह्यले?"

"जरा देखणं केलं, बाई. आईच्या डोळ्यांसमोर राहणार ना."

"मले चित्राची गरज नाही. त्याले ज्यानं कधी पाह्यलं नाही, त्यानं वळखला पाह्यजे."

मास्तरांनी कागद बदलला. नाक जमलं तर हनुवटी बिघडली. पुन्हा कागद.

"डावी पापणी," कौशल्याबाई एकदम बोलल्या. "जराशी खाली राह्यते."

भिमाबाईंनी मान हलवली. "पाळण्यातून पडला होता. तीन दिवस मांडीवरून खाली ठेवला नाही म्या त्याले."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला. त्यांनी पापणी खाली ओढली.

कागदावरून रंगराव पाहू लागला.

भिमाबाईंनी पदर तोंडाला लावला. कौशल्याबाईंनी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"हाच," भिमाबाई म्हणाल्या.

"भोवती हार काढू? सगळेच काढून घेतात."

"हार नको, गुरुजी."

त्यांनी तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं. शाई वाळल्याची बोटानं खात्री केली, कागद गुंडाळून पिशवीत ठेवला. मास्तरांनी दोघींना एस.टी.पर्यंत सोडलं आणि हात जोडले. "देव त्याच्या आत्म्याला शांती देवो."

भिमाबाई पिशवी छातीशी धरून गाडीत चढल्या.

दिवस मावळायच्या आत दोघी बुलढाण्याला उतरल्या. पोलीस ठाण्यात फौजदारांच्या टेबलावर भिमाबाईंनी कागद उलगडला, चारही कोपरे तळहातानं सपाट केले.

"हा माहा लेक," त्या म्हणाल्या. "यानं सुनेले विहिरीत ढकलून मारलं. म्या डोळ्यानं पाह्यलं. आता गावोगाव हा कागद लावा, अन् धुंडा याले."