पंचाने विचारलं

हर्णैच्या द्रौपदी चोगले यांच्या महिला संस्थेचे सुकवलेल्या कोळंबीचे सोडे परदेशी बंदरावर तिसऱ्यांदा नाकारले गेले. नाकारणारा माणूस नव्हताच. साऱ्या जगाच्या आयात-निर्यातीचे निर्णय आता व्यापार मंडळाचं 'पंच' नावाचं यंत्र क्षणात देई आणि कारण कधीच सांगत नसे. चाळीस बायकांचं काम बंद पडलं.

द्रौपदीबाईंनी मंडळाच्या न्यायपीठाकडे दाद मागितली. सुनावणी पडद्यावर झाली.

"यंत्र चुकत नाही," मंडळाचे वकील म्हणाले.

"नसेल चुकत." आपला आवाज कापत नाही, याचं बाईंनाच नवल वाटलं. "पण आमच्याकडे जाळ्यावरून भांडण झालं तरी दोन्ही बाजू ऐकतात. यानं आम्हाला एका शब्दानं तरी विचारलं का?"

संध्याकाळी निकाल आला. बाजू ऐकल्याशिवाय आणि कारण दिल्याशिवाय यापुढे जगात कुणाचाही माल नाकारता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या शेडमधला पडदा उजळला. बायका गोळा झाल्या. पंच पहिल्यांदाच मराठीत बोलला, "द्रौपदी चोगले, तुमचं म्हणणं काय आहे?"

बाईंनी पदर खोचला, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या.

"लिहून घे," त्या म्हणाल्या.