कॉफीचा डाग

परवा लालबागच्या ऑफिसात मिलच्या जमिनीवरून वाद झाला आणि विश्रामनं धाकट्या भावाचं, मयूरचं डोकं टेबलाच्या काचेवर आपटलं. काच फुटली, मयूरच्या कपाळाला टाके पडले. "एकाच रक्ताचे ना रे तुम्ही," म्हणत आईनं दोघांना एका ताटात जेवायला बसवलं, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. आज दोघं सेकंडहँड विमान बघायला हँगरमध्ये आले होते.

आठ सीटचं जेट, आतलं चामडं वापरून मऊ पडलेलं. खिडकीजवळची एकच सीट कोरी करकरीत होती. तिच्याखालचा गालिचा नवा, पट्टाही नवा.

"कॉफी सांडली होती साहेब," दलाल घाईनं म्हणाला.

विश्रामनं नव्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. चाळीतल्या खोल्या खाली करून घ्यायच्या दिवसांत त्यानं अडून बसलेल्या एका भाडेकरूला गाडीत घालून नेलं होतं. नंतर त्या गाडीची मागची सीट अशीच बदलावी लागली होती, पट्ट्यासकट. कॉफीसाठी कोणी पट्टा बदलत नाही.

"दादा, ही सीट माझी हां." मयूर नव्या सीटवर रेलला आणि त्यानं पट्टा लावून बघितला.

विश्राम हसला. दलालाच्या खांद्यावर हात टाकून तो त्याला शिडीपाशी घेऊन गेला.



"घेतलं विमान. फक्त ही सीट ज्यानं बदलली, त्याचा नंबर देऊन ठेव."