दारवानाची वही

रविवारी बाप्तिस्मा होता आणि नाव अजून ठरत नव्हतं. सोर्खाने मांडीवरच्या बाळाच्या नाकापाशी पुन्हा एकदा बोट धरलं. श्वास चालू होता.

"होनोराच ठेवते," ती म्हणाली.

"पोटची तीन पोरं गरिबांच्या वर्कहाऊसच्या दारात टाकून अमेरिकेच्या जहाजात बसली, तिचं नाव?" नुआला आत्याचं विणकाम थांबलं. "आपल्याच घराण्यातली, पण आपल्याकडे मांजरीलासुद्धा कुणी ठेवलं नाही ते."

"म्हणून तर आलोय ना इथे, आत्या."

वाचनालयाच्या मागच्या त्या थंडगार खोलीत टिअर्नी मास्तर वीस वर्षं दुष्काळातले जीर्ण कागद हाताने उतरवून काढत होते. पगार नाही, की कुणी सांगितलेलंही नाही. निवृत्तीनंतर एक दिवस येऊन बसले, ते बसलेच. त्यांनी वर्कहाऊसचं भरतीचं पुस्तक उघडलं आणि एका ओळीखाली पट्टी धरली.

३ मार्च १८४७. मुले तीन. आईने टाकलेली.

"घ्या!" आत्या म्हणाली. "आता तर लेखी पुरावा."

"थांब गं जरा. शाळेतसुद्धा तू अर्धंच वाचायचीस." मास्तरांनी चष्मा पुसला. "त्या वसंतात मोठ्या माणसांना आत जागा उरली नव्हती. आणि आई जिवंत असली, तर पोरांना एकटं घेत नसत. घेत ते फक्त अनाथ, नाहीतर टाकलेली."

सोर्खाने बाळाला जवळ ओढलं. "आणि जहाज?"

"एकाही जहाजाच्या यादीत ती नाही. मिळाल्या तेवढ्या सगळ्या पाहिल्या." त्यांनी दुसरी वही पुढे सरकवली. "ही दारवानाची. वाच, नुआला. मोठ्याने."

आत्याने वही हातभर लांब धरली.

"८ मार्च. एक बाई रोज दुपारी भिंतीपलीकडे उभी असते. पोरं रश्श्याच्या रांगेत आली की ओठांत तीनपर्यंत मोजते आणि जाते. कोणाची कोण, विचारलं. म्हणाली, कोणाचीच नाही."

आत्या पानं उलटत गेली. प्रत्येक पानावर ती बाई होती. आत्याचा आवाज बारीक होत चालला.

"२ एप्रिल. भिंतीला धरून उभी होती. तीन मोजली. रस्सा देऊ केला. म्हणाली, त्यांच्या वाट्यात घाला."

"पुढे?" सोर्खाने विचारलं.

"५ एप्रिल." आत्याने पट्टी घेऊन स्वतःच ओळीखाली धरली. "आज बाई आली नाही. पोरं मी मोजली. तीन."

बाईबद्दल पुढे काही लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात बाळ जागं झालं आणि रडू लागलं.

आत्याने वही हलकेच मिटली.

"अंगावर घे तिला, सोर्खा," ती म्हणाली. "होनोराला भूक लागलीय."