बाहेरची कडी

"मामा, बायकांच्या वेटिंग रूमला कडी बाहेरून का?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी आमच्या दगडी स्टेशनातल्या आश्रुबा हमालांना बेधडक विचारलं.

"निजामाच्या काळातली हाय ती. गाडी येस्तोवर बायका सुरक्षित ऱ्हाव्यात म्हणून."

ते वळताच मी आत शिरले, तर मैत्रिणींपैकी सुकेशनीनं गंमत म्हणून कडीच घातली! आतून दाराला साधी मूठ नव्हती. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, पण नेमकी मालगाडी आली अन् माझा आवाज मलाच ऐकू येईना.

गाडी गेल्यावर आश्रुबा मामांनी माझी हाक ऐकून कडी काढली. घरी पोचले, तर बाबांचं पुन्हा तेच, "परभणीचं कॉलेज नको, बेटा. घरीच सुरक्षित राहशील."

"आई, बाबा, मी परभणीलाच जाणार. सुरक्षित कसं असतं, ते आत्ताच बघून आले."